मनात खेळलेला सामना आणि पडद्यावरची रेघ

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी १६ वर्षांची, १० मीटर एअर रायफल खेळते. सरावात ६२५ पर्यंत सहज जाते, राज्य स्पर्धेत मात्र ६१३.६ वर थांबली. कुणीतरी तिला सांगितलं, ‘रोज झोपताना डोळे मिटून पदक घेतानाचं चित्र बघ.’ ती चार महिने न चुकता बघते आहे. आता एका ठिकाणी बायोफीडबॅकच्या (हृदयगती, घाम, स्नायूंचा ताण यंत्रावर बघत ते सांभाळायला शिकण्याच्या) वीस सत्रांचं पॅकेज सुचवलंय. वडील विचारतात, ‘पैसे घालावेत का? याने खरंच काही होतं, की हे नुसतं फॅड आहे?’

तुम्ही गुण सिरीजवार पाठवलेत, ते फार बरं झालं. पहिली सिरीज (म्हणजे दहा शॉटचा गट) ९९.६, मधल्या चारही १०३ च्या आसपास, शेवटची १०१.२. सरावात तिची सिरीज सरासरी १०४ च्या थोडी वर असते. म्हणजे सरावाच्या मानाने जे साडेअकरा गुण कमी पडले, त्यातले साडेसात फक्त पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा शॉटमध्ये गेले. या मुलीला नेमबाजी येते. मॅच सुरू होताना आणि संपत येताना तिच्या अंगात जे उसळतं, त्याची तिला ओळख नाही. नुसत्या कागदावरून निदान करू नये, हे मला कळतं. पण अठरा वर्षं नेमबाज आणि तिरंदाजांबरोबर काम केल्यावर हा नमुना दुरूनही ओळखू येतो. आणि तो सुधारतो, हेही मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आधी त्या पदकाच्या चित्राबद्दल. त्यातून तिला उमेद येत असेल तर येऊ द्या, पण त्याला सराव म्हणू नका. पदक घेताना तिला काहीच करायचं नसतं, मान पुढे करायची असते. घोटायचं आहे ते त्याच्या आधीचं काम: रायफल उचलणं, गाल चीकपीसवर (रायफलीच्या दस्त्यावरच्या टेकूवर) टेकणं, श्वास सोडता सोडता नळी खाली येऊ देणं, साइटच्या गोलात काळं वर्तुळ स्थिरावणं, ट्रिगरची पहिली खेच, होल्ड (नेम स्थिर धरून राहणं), शॉट, आणि शॉटनंतरही दोन सेकंद तसंच उभं राहणं. हे साठ वेळा, ७५ मिनिटांत. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि पेलेट (छर्रा) साडेचार मिलिमीटरचा. इतक्या बारीक कामात ‘मी जिंकले’ हे चित्र ऐन वेळी मदतीला येत नाही. उलट शेवटच्या सिरीजमध्ये तेच चित्र आपसूक डोळ्यांसमोर येतं आणि ट्रिगरवरचं बोट घाई करतं. तिचा १०१.२ मला तसाच वाटतो. तिला सहज विचारून बघा, शेवटच्या दहा शॉटमध्ये मनात काय चाललं होतं.

मनातला सराव खरा असतो, याचे पुरावे जुने आहेत. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरने १९३० च्या सुमारास माणसांच्या दंडाला तारा लावून दाखवलं, की हात वाकवायची नुसती कल्पना केली तरी त्याच स्नायूत विजेची बारीक हालचाल उमटते. १९९२ मध्ये यू आणि कोल या दोघांनी करंगळीवर प्रयोग केला. चार आठवडे प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची करंगळीची ताकद ३० टक्के वाढली, नुसत्या कल्पनेत व्यायाम करणाऱ्यांची २२ टक्के, आणि काहीच न करणाऱ्यांची चार टक्क्यांहून कमी. करंगळी म्हणजे नेमबाजी नव्हे, हे खरं. पण शरीर कल्पनेला प्रतिसाद देतं एवढं त्यातून पक्कं समजतं. मात्र जिची पोझिशनच अजून बसलेली नाही, ती मनातही चुकीचीच पोझिशन घोटते. त्यामुळे अगदी नवख्यांना मी हे देत नाही. तुमच्या मुलीचा पाया तयार आहे.

२००१ मध्ये होम्स आणि कॉलिन्स या ब्रिटनमधल्या संशोधकांनी या सगळ्याला एक चांगली शिस्त घालून दिली. तिचं सार असं, की मनातला सराव प्रत्यक्षाच्या जितका जवळ, तितका कामाचा. अंगावर तेच कपडे, हातात तेच साधन, तीच जागा, तेवढाच वेळ आणि त्या वेळच्या त्याच भावना. दिवा मालवून, मंद संगीत लावून, पलंगावर पडून जे केलं जातं, त्यातून झोप छान लागते. रेंजवर मात्र तिला कुणी पलंग देणार नाही.

यंत्राचा खरा उपयोग मला कुठे कळला, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला. कसून मेहनत करणारा, वहीत रोजच्या रोज नोंदी. म्हणाला, ‘सर, मी रोज अर्धा तास व्हिज्युअलायझेशन करतो, पण मॅचमध्ये काही फरक पडत नाही.’ त्याच्या छातीला हृदयगतीचा पट्टा बांधला, दोन बोटांना घामाचे सेन्सर लावले, मानेजवळ खांद्याच्या स्नायूवर इलेक्ट्रोड चिकटवले आणि म्हटलं, ‘कर सुरू. मॅचचा पहिला शॉट.’ त्याने डोळे मिटले. पडद्यावरचा हृदयगतीचा आकडा ७२, ७१, ७२. घामाची रेघ सपाट. दोन मिनिटं झाली तरी तसंच.

मी विचारलं, ‘कुठे आहेस?’

‘रेंजवर, सर.’

‘कितव्या लेनवर?’

तो गप्प. ‘शेजारी कोण उभं आहे? एसी कुठून लागतोय? पाय कुठल्या रेषेवर आहेत?’ त्याला यातलं काहीच सांगता येईना. तो टीव्हीवर दिसावं तसं लांबून स्वतःला बघत होता.

त्याला जॅकेट, ट्राउझर, बूट घालून यायला सांगितलं. शूटिंगचं जॅकेट किती ताठ असतं, ते तुम्हाला माहीत आहे. खालची बटणं लावली की कंबर आपोआप मॅचच्या आठवणीत जाते. रायफल हातात दिली, रिकामी. माझ्याकडे एका रेंजवरचं ध्वनिमुद्रण होतं: कुजबुज, खोकला, बूट घासल्याचा आवाज, मग स्पीकरवरून ‘लोड’, आणि थोड्या वेळाने ‘स्टार्ट’. ते लावलं. ‘लोड’ ऐकताच आकडा ७२ वरून ८० वर गेला. ‘स्टार्ट’ला ९४. घामाची रेघ जिना चढल्यासारखी वर. खांद्याचा स्नायू तर दुपटीने ताणलेला, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, ‘सर, पोटात गोळा आला.’

म्हटलं, आता तू खरा मॅचमध्ये आहेस. इथून आपलं काम सुरू.

माझ्या मते बायोफीडबॅक आणि कल्पनाचित्रण (मनातला सराव) ही दोन वेगवेगळी औषधं नव्हेत. कल्पना अंगापर्यंत पोचली की नाही, हे यंत्र सांगतं. ती पोचली की मॅचमधली धडधड मंगळवारी दुपारी, कुठलीही स्पर्धा नसताना, खोलीत आणता येते. आणि खोलीत आणता येते म्हणून तिच्यासकट काम करायला शिकता येतं. पॅकेज देणारी मंडळी बहुधा याच्या उलटं करतात. मुलाला आरामखुर्चीत बसवतात, पडद्यावर फूल उमलवायचा खेळ देतात, रेघ खाली आली की शाबासकी. आरामखुर्चीत शांत होणं कुणालाही जमतं.

आता श्वासाचं, कारण तिला सुरुवात तिथूनच करायची आहे. श्वास घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित उतरते. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणला, तर हा चढउतार सगळ्यात मोठा होतो, कारण रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लयही साधारण तेवढीच असते आणि दोन्ही लाटा एकमेकींना झोका देतात. प्रत्येकाचा आकडा थोडा वेगळा, साडेचार ते साडेसहाच्या मधला. तो शोधायला दोन-दोन मिनिटं वेगवेगळ्या वेगाने श्वास घेऊन पाहावं लागतं, आणि इथे यंत्राची गरज खरोखर लागते. एकदा आकडा सापडला की रोज दहा मिनिटं, मग वाढवत वीस. सोडणं घेण्यापेक्षा जरा लांब. चक्कर आल्यासारखं वाटलं तर ती फार खोल ओढते आहे. वेग तोच ठेवून हवा कमी घ्यायची. फुगा फुगवायचा नाही, हे मी मुलांना दहादा सांगतो.

हा संथ श्वास शॉटसाठी नाही, हे नीट समजावून सांगा. शॉटच्या वेळी श्वास सोडल्यानंतरच्या नैसर्गिक थांब्यात सहा-आठ सेकंद होल्ड असतो. त्याहून फार लांबला तर नजर विटते, नळी भटकू लागते, आणि रायफल खाली घेणं हाच शहाणपणा. संथ श्वासाची जागा दोन शॉटच्या मध्ये आहे. सहा-आठ आठवडे रोज केल्यावर पूर्ण दहा मिनिटांची गरज उरत नाही. एक लांब उच्छ्वास सोडला की खांदे उतरतात, कारण शरीराला पुढचं पाठ झालेलं असतं.

हृदयगतीचा आकडा मॅचमध्ये ७२ वर राहावा, अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य घेतलं. त्यानंतर बोलताना त्यानेही हृदय जोरात धडधडत होतं आणि आपण श्वास सांभाळला, असंच सांगितलं. ऑलिंपिक फायनलमध्ये धडधड होणारच. त्या धडधडीला घाबरायचं नाही, एवढंच शिकायचं असतं.

अभिनव बिंद्राचं उदाहरण लोक नेहमी देतात, पण अर्धंच देतात. तो बायोफीडबॅकवर खूप काम करत असे, हे खरं आहे. २००८ च्या बीजिंग फायनलमध्ये तो पात्रता फेरीतल्या ५९६ गुणांसह चौथा म्हणून उतरला. शेवटच्या शॉटआधी फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी त्याची बरोबरी होती. बिंद्राने १०.८ मारला, हॅकिनेन ९.७ वर गेला, आणि एकूण ७००.५ वर भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण आलं. पण हाच बिंद्रा २००४ ला अथेन्समध्ये फायनलला सातवा आला होता, आणि २०१६ ला रिओत शूट-ऑफ (बरोबरी सोडवणारा शॉट) हरून चौथा. तयारी तितकीच कसोशीची. मनाची तयारी पदकाची हमी देत नाही, आणि वीस सत्रांत हमी देणाऱ्या माणसापासून तुम्ही लांब राहा.

इस्राएलमधल्या विंगेट संस्थेच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात या कामाची पाच टप्प्यांची जी रीत बसवली, ती मी थोडी बदलून आजही वापरतो. आधी यंत्राची ओळख. मग या खेळाडूचं शरीर ताणात नेमकं कुठे बोलतं याचा शोध: कुणाचं हृदय, कुणाचा खांदा, कुणाचे तळवे. मग खोलीतच स्पर्धेचा देखावा उभा करायचा. मग हे सगळं यंत्रासकट सरावाच्या मैदानावर न्यायचं, आणि शेवटी यंत्राशिवाय स्पर्धेत. बहुतेक पॅकेजं दुसऱ्या टप्प्यावर संपतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: ‘तुम्ही रेंजवर येणार का?’ नाही म्हणाले, तर पैसे घालू नका.

यंत्रांविषयी थोडं. हृदयगतीसाठी छातीचा पट्टा काही हजारांत मिळतो आणि तुमच्या कामाला पुरतो. मनगटावरचं घड्याळ ठोक्या-ठोक्यातलं अंतर तितकं नीट पकडत नाही. स्नायूचा ताण मोजणारं यंत्र महाग असतं, लाखांच्या घरात जातं. ते विकत घेण्याची गरज नाही. चार-पाच सत्रांत खांदा कधी चढतो ते तिला कळेल, आणि एकदा कळलं की यंत्र लागत नाही. बोटाच्या घामाचा सेन्सर जुलैत मुंबई-कोकणच्या दमट हवेत काहीच्या काही दाखवतो. बोटाच्या तापमानाचा सेन्सर एसीच्या झोतात बसलात तर ताणाऐवजी एसीच मोजतो. मेंदूच्या लहरींबद्दल जरा सावध राहा. १९८० च्या दशकात अमेरिकेत असं दिसलं, की मुरलेल्या नेमबाजाच्या मेंदूत शॉटच्या आधी डाव्या बाजूला अल्फा लहरी वाढतात, जणू आतली बडबड थांबते. निरीक्षण सुंदर आहे. पण डोक्यावर सेन्सरची टोपी घालून त्या लहरी वाढवल्या की गुण वाढतात, याचा पुरावा त्यामानाने कच्चा आहे. श्वास आणि हृदयगतीचा पायाच जास्त भक्कम, आणि तिथेही बरेचसे अभ्यास छोट्या गटांवरचे आहेत.

यंत्र नसलं तरी हे होतं, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून आलेले. त्यांनी योगाच्या पायावर एकाग्रतेचं प्रशिक्षण उभं केलं आणि अंजली भागवतसारख्या नेमबाजांना ते दिलं. ते २०१७ मध्ये गेले. आज आम्ही पडद्यावर दाखवतो त्यातलं बरंचसं ते श्वासाकडे लक्ष द्यायला लावून साधत. यंत्राने वेळ वाचतो, आणि संशयी मुलांना पुरावा मिळतो. सोळा वर्षांच्या मुलीला ‘शांत हो’ म्हटलं तर राग येतो. रेघ दाखवली तर ती स्वतःच प्रयोग करू लागते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हात थरथरतो, धडधडतं, म्हणून घरच्या डॉक्टरांकडून गोळी आणू नका. प्रोप्रानोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत आणि तिरंदाजीत बंद आहेत, स्पर्धेतच नव्हे तर स्पर्धेबाहेरही. बीजिंगमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं याच औषधामुळे गेली. डॉक्टरांना बिचाऱ्यांना हा नियम माहीत असेलच असं नाही. तुम्ही सांगायला हवं.

आता तिने काय करायचं. पहिले दोन आठवडे फक्त श्वास, सकाळी आणि रात्री. त्याच काळात तिला एका कागदावर मॅचची पहिली दहा मिनिटं लिहायला सांगा, अगदी बारीक: स्टूलवर काय ठेवलंय, ब्लाइंडर (नेम न धरणाऱ्या डोळ्यापुढची पट्टी) कसा लावते, साइटर (मॅचआधीचे चाचणी शॉट) संपवून मॅचला जाताना मॉनिटरवर काय बदलतं, तोंड कोरडं पडतं की पोट ढवळतं. ‘मी आत्मविश्वासाने उभी आहे’ असलं वाक्य दिसलं की खोडायचं. त्यात करण्यासारखं काही नाही. मग ते स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून, पूर्ण गणवेशात, रायफल हातात घेऊन, ड्राय फायरिंगच्या (छर्र्याविना सरावाच्या) वेळेत ऐकायचं. पट्टा बांधलेला असू द्या. आकडा दहा-पंधराने चढला तर चित्र जिवंत आहे. मग एक लांब उच्छ्वास, आणि शॉट. दिवसाला पाच-सहा असे शॉट पुरे. जास्त केले की मन थकतं आणि नुसती हजेरी लागते.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाईट शॉट आणा. हे पालकांना ऐकायला आवडत नाही, पण मी हे सोडत नाही. मायकेल फेल्प्सचा बीजिंगमधला २०० मीटर बटरफ्लाय आठवा. गॉगलमध्ये पाणी भरलं, शेवटी दिसेनासं झालं, तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह जिंकला. असे प्रसंग त्याने आधी मनात घोटलेले होते. तुमच्या मुलीने मनात पहिलाच शॉट ९.१ बघावा. मॉनिटरवरचा ठिपका, पोटातला धक्का, सगळं येऊ द्यावं. मग रायफल खाली, नजर लक्ष्यावरून काढून जमिनीवर, एक उच्छ्वास, खांदे सैल, आणि पुढचा शॉट पूर्ण, फॉलो-थ्रूसकट, म्हणजे शॉटनंतरच्या त्या दोन सेकंदांसकट. कल्पना चुकलेल्या शॉटवर कधीही थांबवायची नाही. पुढचा मारूनच डोळे उघडायचे. असंच ५१ व्या शॉटपासून पुढचे दहा, कारण गुण तिथेही गेलेत.

तिला चित्र दिसतच नसेल तरी घाबरू नका. काही माणसांना डोळ्यांपुढे काहीच दिसत नाही, जन्मापासून. त्यांना जॅकेटचा दाब, गालाला लागणारं थंड चीकपीस, ट्रिगरची खेच आठवायला सांगतो, आणि पडद्यावरची रेघ तितकीच हलते. माझ्याकडच्या काही उत्तम नेमबाजांना चित्र दिसत नाही.

पुढच्या राज्य स्पर्धेच्या आधीच्या दहा दिवसांत यातलं काहीही नवं सुरू करू नका. तिच्या नेमबाजीच्या प्रशिक्षकांना पहिल्या दिवसापासून यात घ्या; त्यांना न सांगता केलेलं काम रेंजवर टिकत नाही. आणि पट्ट्याचा आकडा तुम्ही बघू नका. एका वडिलांनी मुलीच्या फोनमधलं अ‍ॅप आपल्या फोनवर घेतलं होतं. रोज जेवताना ‘आज आकडा कमी का?’ विचारायचे. महिनाभरात ती पट्टा बांधताना घामाघूम व्हायला लागली. आम्हाला तीन आठवडे सगळं बंद ठेवावं लागलं. तिची वही तिची राहू द्या.

दोन महिन्यांनी एखाद्या क्लब मॅचचे सिरीजवार गुण पुन्हा पाठवा. एकूण किती झाले ते मी शेवटी बघेन, आधी पहिल्या आणि शेवटच्या सिरीजचे सांगा.